विमानाचा गंज

गुरुजी,

मी बोर्डिंगात स्वयंपाक करणाऱ्या बाईची मुलगी. तुमच्या विज्ञानाच्या तासाला खिडकीपाशी बसायची ती. तुमच्या हाताखालून इतकी मुलं गेली की एवढ्यावरून तुम्हाला ओळख पटेल असं नाही, पण विमानाच्या ॲल्युमिनियमचा गंज म्हटलं की पटेल. तो तुम्हीच वर्ध्याहून आणला होता. आपल्याकडे पातेल्याला गंज म्हणतात, हे मला पुढे दुसऱ्या मुलखात, धातू तपासायच्या नोकरीत सारखं समजावून सांगावं लागलं. तिकडच्या लोकांना गंज म्हणजे लोखंडाला चढतो तेवढाच माहीत. 'आमच्या गंजाला गंज नाही चढला, भोकं पडली,' असं मी एकदा सहज बोलून गेले, तर सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसले, पण मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला बसले आहे आणि काय लिहायचं आहे ते मला नीट ठाऊक नाही. तुमच्यावर रागवायचं आहे की तुमचे आभार मानायचे आहेत, तेसुद्धा नाही. म्हणून जसं आठवतं तसंच मांडत जाते.

गंज आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सकाळची शाळा सुटली होती आणि मी मायला भाकरी थापू लागायला बोर्डिंगाच्या स्वयंपाकघरात गेले होते. तोवर तिथे सगळी भांडी तांब्या-पितळेची. त्यांना कल्हई लागायची. कल्हई उडाली की वरण कळकायचं आणि पोरं ताट सरकवून उठायची. पुलगावहून एक कल्हईवाला यायचा, त्याने येणं सोडलं, म्हणून बोर्डिंग सांभाळणारे तुम्ही स्वतःच नवं भांडं आणायला गेला होतात. बैलगाडीतून उतरवून तुम्ही तो एकट्याने उचलून आत आणलात. एवढा मोठा, जाड काठाचा, दोन कानांचा ओतीव गंज, आणि तुम्ही तो छातीशी धरून चालत येताय. माय पदर सावरून उठली.

"बाई, हे बघा. एका हाताने उचलता येईल. कल्हई नको, काही नको. लढाईतल्या विमानांचं भंगार वितळवून केलेलं आहे."

मायने तो खरंच एका हाताने उचलून पाहिला. ॲल्युमिनियमला ती जर्मल म्हणायची. "जर्मलचा हाय ना गुरुजी? लयच हलका हाय. विमानाचा हाय म्हंता, मंग मायी भाजी घिऊन उडून तं नाई जाणार?"

तुम्ही मोठ्याने हसलात. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मायने त्यात पहिल्यांदा तुरीची डाळ शिजवली, आणि तुम्ही पंक्तीत मुलांना सांगत फिरलात की आज तुम्ही विमानात जेवताय.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही तो तास घेतला. दोन पट्ट्या आणल्या होत्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही दिसायला सारख्या. एक शुद्ध ॲल्युमिनियमची आणि एक विमानाच्या पत्र्यातून कापलेली. एकेकाने वाकवून बघायचं होतं. शुद्ध पट्टी बोटांनी वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. विमानाची पट्टी वाकवता वाकवता माझी बोटं दुखली, आणि सोडल्याबरोबर ती सरळ झाली. तुम्ही फळ्यावर लिहिलंत की शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, त्याचं विमान करता येत नाही. त्यात थोडं तांबं घातलं, अगदी थोडं, की ते कडक होतं. 'ही भेसळ नाही बरं का,' तुम्ही म्हणालात. 'दुधात पाणी घालतात ती भेसळ. ही मिश्रधातू. इथे दुसरा धातू जाणूनबुजून घातलेला आहे, कामासाठी.' मी हात वर केला. वर्गात मी फार कमी वेळा हात वर करायची. मी विचारलं, "गुरुजी, मंग आपला गंज कोणत्या ॲल्युमिनियमचा हाय? त्यात तांबं हाय का?"

तुम्ही खडू टेबलावर ठेवलात. "चांगलं विचारलंस," म्हणालात. "बघून सांगतो." इतर वेळी तुम्ही 'बघून सांगतो' म्हटलं की दुसऱ्या दिवशी सांगायचात. या वेळी सांगितलं नाहीत. मी आठवडाभर वाट पाहिली आणि मग विसरून गेले. निदान तेव्हा तरी मला वाटलं की विसरले.

मग ते छप्पन साल, आणि तो दसरा. आमच्या वस्तीतली माणसं सिंदीच्या स्टेशनावरून गाडीने नागपूरला गेली. माय गेली, मामा गेला, मला घरी धाकट्या भावाला सांभाळायला ठेवलं. तिसऱ्या दिवशी माय परत आली ती पांढऱ्या लुगड्यात, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, आवाज बसलेला, आणि चेहऱ्यावर असं काही जे मला ओळखू येईना. घरातले देव तिने मामाकडे दिले, त्याने ते नदीत सोडले. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी बोर्डिंगात कामाला गेली. भाकरी केल्या, भाजी केली, पोरांना वाढलं. पण स्वयंपाकघरात चुलीच्या वर जो कोनाडा होता, त्यातल्या देवापुढे ती रोज दिवा लावायची, तो तिने लावला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

आमच्या हातचं खाणारी बोर्डिंगं त्या काळात जिल्ह्यात थोडीच होती. जुन्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरून मायला चुलीपाशी बसवलं होतं, आणि त्याला कुरकुर करणारे पालक पहिल्यापासून होतेच. कोनाड्यातला दिवा बंद झाला हे बोर्डिंगाच्या सचिवांच्या कानावर गेलं. ते तुमच्याकडे आले होते, मी ऑफिसच्या दाराशी पाण्याची कळशी घेऊन उभी होते. ते म्हणाले, "त्या बाईले सांगा, स्वयंपाकघर बोर्डिंगचं आहे, तिच्या घरचं नाही." तुम्ही म्हणालात, "बघतो." आणि मग तुम्ही काय केलंत, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माय यायच्या आधी तुम्ही स्वतः येऊन तो दिवा लावू लागलात. मी लवकर आले तेव्हा तुम्हाला पाहिलं. वात पुढे सरकवत होतात, आणि मला बघून चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळलात. माय आली, दिवा बघितला, चूल पेटवायला बसली. कितीतरी दिवस तो दिवा असा जळत राहिला, कुणी लावला हे सगळ्यांना ठाऊक आणि कुणी कुणाला विचारत नाही. मला तेव्हा वाटायचं, तुमच्याइतका चांगला माणूस नाही. अजूनही कधीकधी वाटतं.

त्याच हिवाळ्यात गंजाचं बिघडायला लागलं. आतून आधी करडा झाला, मग काळपट, आणि बुडाला टाचणीच्या टोकाएवढे पांढरे पांढरे ठिपके दिसायला लागले. ठिपका नखाने खरवडला की खाली बारीक खड्डा असायचा. अंबाडीची भाजी त्यात केली की जिभेला कसंसंच लागायचं. पोरं तक्रार करायची. दोघा-तिघांची पोटं बिघडली, पण ती थंडीच्या दिवसांत बिघडायचीच, त्यामुळे गंजाला कुणी बोल लावला नाही. माय मात्र तुमच्याकडे गेली. मला बरोबर घेऊन गेली, कारण तुमच्याशी एकटीने बोलायचा तिला संकोच वाटायचा.

"गुरुजी, तो गंज पाझरल्यासारखा करून राह्यला. आतून काळा पडते. आंबट घातलं का चव बिघडते. मले वाटते त्याची जात खराब हाय."

तुम्ही विचारलंत, "घासता कशाने?"

"राखेनं. अजून कशानं?"

"राखेने घासू नका. राखेत खार असतो, ॲल्युमिनियमला तो खातो. मातीने घासा, किंवा नुसत्या काथ्याने. आणि आंबट भाजी रात्रभर त्यात ठेवू नका."

तुमचं बोलणं थोडं तुटक होतं. मायने मान हलवली. घरी येताना म्हणाली, "मातीनं कुठं चिकटलेलं निंघते?" पण मग काही दिवसांनी मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, राख सोडली.

गंज फुटला तो फाल्गुनात. फुटला म्हणजे एकदम नाही. सकाळचं वरण चुलीवर होतं, आणि बुडातून वरण गळायला लागलं, आधी थेंब थेंब, मग धार. चूल विझली, धुराने स्वयंपाकघर भरलं. चाळीस पोरं ताटं घेऊन बसलेली. मायने दुसरं भांडं शोधेपर्यंत परीक्षेची घंटा झाली, आणि पोरं उपाशी परीक्षेला गेली. त्या दिवशी दुपारी बैठक बसली. ऑफिसात सचिव, दोन पालक आणि तुम्ही. माय आणि मी बाहेर ओट्यावर. दार उघडंच होतं. गंज टेबलावर पालथा ठेवला होता आणि खिडकीच्या उजेडात त्याच्या बुडाला भोकं दिसत होती, तीन मोठी आणि कितीतरी बारीक. सचिवांनी विचारलं, "दीड वर्षात एवढं जाड भांडं असं कसं झालं? तुमी विज्ञान शिकवता, तुमीच सांगा."

तुम्ही एका भोकात बोटाचं टोक घालून पाहिलंत. मग म्हणालात, "राख. राखेतल्या खाराने ॲल्युमिनियम खाल्लं जातं."

"म्हणजे बाईचा हलगर्जीपणा."



माय ओट्यावरून उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. "गुरुजी," ती म्हणाली, "मले राख सोडून दोन महिने झाले. तुमी सांगतलं तेव्हाच सोडली."

तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. गुरुजी, तुमची ती नजर मला अजून वाचता आलेली नाही. तुम्ही डोळे खाली घातलेत असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. आता वाटतं, घातले नव्हते. तिच्याकडेच बघत होतात, पण काही बोलत नव्हतात. सचिव म्हणाले, उद्यापासून येऊ नका. माय म्हणाली, "बरं." आणि मला म्हणाली, "चाल."

त्यानंतर माय सिंदीच्या जिनिंगात सरकी निवडायला जायला लागली. मी शाळेत येत राहिले. मला वाटलं होतं तुम्ही मला टाळाल, किंवा मी तुम्हाला टाळीन. झालं उलटंच. तुम्ही माझ्या वह्या जास्त बारकाईने तपासायला लागलात. एकदा प्रयोगाची नोंद मी तारीख न घालता दिली, तर तुम्ही सगळ्या वर्गासमोर ती परत केलीत आणि म्हणालात, तारीख नसलेली नोंद ही नोंद नव्हे, ती ऐकीव गोष्ट. मी रडले, म्हणून शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून तुमचं स्वतःचं भिंग दिलंत, पितळी कड्याचं. 'धातूचं अंग यातून बघ,' म्हणालात, 'वरून गुळगुळीत दिसतं ते आतून कसं असतं ते कळेल.' मॅट्रिकनंतर मला नागपूरच्या कॉलेजात घालायला तुम्ही माझ्या मामाकडे दोनदा येऊन बसलात. शिष्यवृत्तीचा अर्ज तुम्ही लिहिलात. माय तुम्हाला चहा करून द्यायची आणि तुम्ही प्यायचात, दोघेही हवापाण्याचं बोलायचात. मला ते बघवत नव्हतं, आणि का बघवत नाही ते सांगताही येत नव्हतं.

मॅट्रिकच्याच वर्षी, तपासणीसाठी साहेब येणार म्हणून तुम्ही मला आणि आणखी दोघींना प्रयोगशाळेचं कपाट आवरायला लावलं होतं. साबण करायच्या कॉस्टिक सोड्याच्या बरणीमागे मला एक कागदाची पुडी सापडली. आत ॲल्युमिनियमचा तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा, जाड, ओतीव. मी तो लगेच ओळखला. गंजाच्या एका कानाचं टोक कुणीतरी कापून घेतलं होतं, ते मायने कधीच दाखवलं होतं मला, म्हणाली होती पोरांचे उद्योग. तुकड्यावर मधोमध एक काळा डाग होता, गोल, थेंबाएवढा. आणि कागदावर तुमच्या अक्षरात एकच शब्द, 'तांबे', त्यापुढे प्रश्नचिन्ह. मी कागद उलटून पाहिला. तारीख नव्हती. मी पुडी होती तशी बांधून बरणीमागे ठेवली. डागाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. मला एवढंच कळलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही शोधलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

अर्थ कळला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. प्रात्यक्षिकाला सरांनी ॲल्युमिनियमच्या दोन तुकड्यांवर कॉस्टिकचा एकेक थेंब टाकला. दोन्हीवर बुडबुडे आले. थोड्या वेळाने पाण्याने धुतले तर एक पांढराच राहिला आणि दुसऱ्यावर काळा डाग उमटला, जो धुतल्याने जाईना. सर म्हणाले, डाग पडला त्यात तांबं आहे. मी तो तुकडा उचलून पुन्हा पुन्हा धूत राहिले. शेजारच्या मुलीने विचारलं, काय झालं. मी म्हणाले, डाग जात नाही.

पुढे माझी नोकरीच ही झाली. तुकडे यायचे, आम्ही तपासायचो, शेकडा किती तांबं, किती लोखंड, किती सिलिकॉन, आणि मग सांगायचं की हे कशाला चालेल आणि कशाला नाही. तिथे मला कळलं की ॲल्युमिनियमवर हवेतच एक पातळ कवच धरतं आणि तेच त्याला राखतं. त्यात तांबं असलं की मीठ आणि आंबट लागताच ते कवच जागोजागी तुटतं आणि तिथून खड्डे पडत जातात. पंखाला बळ देणारं तांबं भाजीच्या भांड्यात भोकं पाडतं. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यात तर आतच हवेचे बुडबुडे आणि मळी अडकलेली असते, तिथे बूड आधीच कच्चं. म्हणजे माय बरोबर होती, त्याची जात खराब होती. आणि मग पुस्तकात तेही होतं, तितक्याच ठळकपणे, की राखेचा खार ॲल्युमिनियमचं तेच कवच विरघळवतो. म्हणजे तुम्हीही बरोबर होतात. मी कित्येकदा कागद घेऊन बसले, की दीड वर्षात एवढ्या जाडीचं बूड नुसत्या राखेने जाईल का, नुसत्या तांब्याने जाईल का. जमलं नाही. भांडंच समोर नव्हतं, ते बोर्डिंगवाल्यांनी कधीच भंगारात दिलं होतं.

मला जे सुटत नाही ते भांड्याचं नाहीच. तुम्ही तो थेंब कधी टाकलात? माझ्या प्रश्नानंतर लगेच टाकला असेल, तर बैठकीत तुम्हाला ठाऊक होतं की त्यात तांबं आहे, आणि तरी तुम्ही एकट्या राखेचं नाव घेतलंत. की बैठकीनंतर मन खात राहिलं म्हणून कानाचं टोक कापून घेऊन पाहिलंत? पण कान मायने मला आधीच दाखवला होता ना? की तो गंज फुटल्यावर, अंगणात पडलेला असताना दाखवला? मला आठवणीत एकदा तो चुलीवर दिसतो आणि एकदा अंगणात. आणि समजा ठाऊक होतं तुम्हाला, तरी तांब्याने भांडं जातं हे तरी ठाऊक होतं का? तेव्हा कुणाला होतं? कधी वाटतं, भांडं तुम्ही आणलं होतं, दोष तुमच्यावर आला असता, म्हणून तुम्ही गप्प राहिलात. आणि कधी वाटतं, सचिव कोनाड्यातल्या दिव्यासाठी मायला घालवणारच होते, तर निदान काढल्याचं कारण म्हणून कागदावर तिचा धम्म येऊ नये, राख यावी, एवढंच तुमच्या हातात होतं आणि तेवढं तुम्ही केलंत. दिवा लावणारे तुम्ही आणि राख म्हणणारे तुम्ही, हे दोघे मला एका माणसात बसवता येत नाहीत.

विचारायची संधी तुम्ही मला दिली होती, असंही वाटतं. तुम्ही निवृत्त होऊन मुलाकडे वर्ध्याला राहत होतात, छातीचं दुखणं होतं. मी सुट्टीत आले होते, भेटायला आले. तुम्ही खाटेवर बसून होतात, पायांवर शाल. नोकरीत काय करतेस म्हणून खोदून खोदून विचारलंत. मग म्हणालात, "ती कॉस्टिकची परीक्षा अजून करता का गं?"

"करतो की. यंत्रं आलीत, पण घाई असली की थेंब टाकून बघतो."

"काळं पडलं तर तांबं."

"हो, गुरुजी."

तुम्ही शालीचा काठ चिमटीत धरून बसला होतात. "आम्हाला तेव्हा फार थोडं माहीत होतं," म्हणालात. "पण जेवढं होतं तेवढंही..." आणि थांबलात. मला वाटलं, आता बोलतील. तुम्हाला वाटलं असेल, आता विचारेल. तेवढ्यात तुमची सून चहा घेऊन आली आणि तुम्ही तिला सांगायला लागलात की ही माझी विद्यार्थिनी, धातू तपासते. त्या वर्षीच तुम्ही गेलात. पवनारच्या नदीवर तुमच्या अस्थी सोडल्या तेव्हा मी आले होते, मागे उभी होते.

माय तुमच्यानंतर पुष्कळ जगली. शेवटची वर्षं माझ्याकडेच होती. एका दुपारी मी भांडी लावत होते, ती दाराशी बसून शेंगा सोलत होती. अचानक म्हणाली, "तो बोर्डिंगातला गंज आठवते का तुले?"

मी म्हणाले, "आठवते."

"मी राख सोडली नवती, पोरी." शेंग सोलायची थांबली नाही ती. "सोडली म्हून सांगतलं गुरुजीले. पन राखेबिगर तो साफच नाई व्हायचा. चाळीस लेकरायचं जेवन, काळ्या भांड्यात कसं रांधावं? मी घासतच राह्यली. मायामुळंच गेला तो. गुरुजी बिचारे खरंच बोलले, अन् मी चारचौघात त्याह्यले खोटं पाडलं. मले कधी माफी मांगता नाई आली त्याह्यची."

मी तिथे उभी होते आणि मला सगळं ठाऊक होतं. पुडीतला काळा डाग, मीठ आणि आंबट, कच्चं ओतकाम, सगळं. एका वाक्यात सांगता आलं असतं की माय, एकटी तुझी राख नव्हती, त्या भांड्यातच खोट होती, गुरुजींना ते कळलं होतं किंवा कळू शकलं असतं. तीस वर्षं मी धातू तपासून लोकांना हेच लेखी देत होते. तिला मी दिलं नाही. मी म्हणाले, "जाऊ दे, माय. झालं ते झालं." ती म्हणाली, "हो, झालं." आणि पुढच्या थंडीत ती गेली, तो गंज आपल्याच हाताने गेला असं मानूनच गेली.

मी का बोलले नाही, याची पुष्कळ कारणं मी स्वतःला देत आले. तिचं वय झालं होतं, तिला काय समजलं असतं, उगाच जखम कशाला उकरायची. यातलं एकही खरं नाही. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, म्हणून लिहिते. तिने राख सोडली नव्हती म्हटल्यावर मला पहिल्यांदा काय झालं असेल, तर बरं वाटलं, गुरुजी. तुम्ही खोटं बोलला नव्हतात, एवढंच माझ्या मनात आलं. माझी माय समोर बसून अपराधी झाली होती आणि मला बरं वाटलं होतं.